रिकाम्या खाटांचा उरक

ईरा आणि निहार,

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला माझ्या नोकरीबद्दल लिहायला सांगितलं. चार दिवस कोरा कागद पुढे घेऊन बसले. कोणाला सांगायचं हे ठरल्याशिवाय मला लिहिता येत नाही, म्हणून शेवटी तुम्हा दोघांची नावं वर घातली. बाकीच्या वाचकांनी शेजारी बसून ऐकावं.

निमित्त ईराचंच आहे. मागे एकदा व्हिडिओवर तिनं तिच्या इस्पितळातला भिंतीवरचा मोठा पडदा दाखवला. कोणत्या वॉर्डात किती खाटा रिकाम्या, कोणता पेशंट किती तास थांबला, सगळं हिरव्या-लाल रंगात हलत होतं. "आजी, तूही हेच करायचीस ना?" असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं, आणि नंतर बराच वेळ अस्वस्थ होते. हो हे अर्धंच उत्तर होतं. उरलेलं इथे लिहिते.

मी परभणीतल्या एका सरकारी आरोग्य कार्यालयात आकडेवारीच्या टेबलावर होते. हैदराबादला इंग्रजीतून संख्याशास्त्र शिकले, त्यामुळे एफिशियन्सी हा शब्द आधी आला आणि कार्यक्षमता हा नंतर. खरा शब्द खेड्यातल्या बायकांकडून मिळाला. एखादी बाई भराभर आणि नीट काम हातावेगळं करते तेव्हा म्हणतात, तिच्या कामाला उरक आहे. माझी नोकरी म्हणजे दवाखान्यांचा उरक मोजणं.

मोजायचा कसा, तेही सांगते, कारण ते अवघड नाही. दवाखान्याला आपण काय दिलं आणि त्यातून काय निघालं, एवढंच बघायचं. दिलं म्हणजे डॉक्टर, सिस्टर, खाटा, औषधं. निघालं म्हणजे तपासलेले रुग्ण, बाळंतपणं, टोचलेल्या लशी. दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राचं पत्रक महिन्याच्या पाच तारखेपर्यंत माझ्या टेबलावर येई. मी पट्टी आणि पेन्सिल घेऊन तक्ता आखी. पुढे कॉम्प्युटर आला तरी पहिला तक्ता मी हातानंच आखत असे. सगळ्यात चांगलं केंद्र वर, मग उतरत उतरत सगळ्यात मागचं तळाला. ऑफिसात त्या यादीला उतरंड म्हणत. माझ्या उतरंडीत कधी बेरजेची चूक निघाली नाही. याचा मला अभिमान होता, आजही थोडा आहे.

आकड्यांमागे माणसं असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पूर्णा तालुक्यातल्या एका केंद्रात रोजच्या रुग्णांची संख्या संशय यावा इतकी होती, म्हणून मी एकदा रेल्वेनं चुडाव्याला उतरून, तिथून रिक्षानं त्या केंद्रात गेले. नोंदवही उघडली तर एक नाव रोज, रविवार सोडून रोज. ते आजोबा तिथंच बाकावर पेपर वाचत बसले होते.

"बाबा, तुम्हाला रोज काय होतं?"

"मला काय होतंय? बीपी तपासून घेतो."

"रोज?"

"मी न्हाई आलो तर डाक्टरची हजेरी कोण घ्यायची, बाई? तुमी तर वर्षातून एकदा येणार."

डॉक्टर खुर्चीत हसत होते. मी परत येऊन आजोबांच्या नोंदी वजा केल्या. केंद्र पाच जागा खाली आलं. त्या गावात डॉक्टर वेळेवर येतात याचं कारणच मी वजा केलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं. पण नियम नियम असतो, असं म्हणून मी तक्त्यावर सही केली. तेव्हा ती गंमतच वाटली.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

आमच्याकडे नवे साहेब आले. डॉक्टर होते, भले माणूस होते. सिस्टर कमी आणि केंद्रं जास्त, हे कायमचं दुखणं. शहराजवळच्या एका केंद्रात एकटी सिस्टर बाळंतपणं करून करून आजारी पडली होती. साहेब मला म्हणाले, "मॅडम, कुठे दोन सिस्टर आहेत आणि काम नाही, ते मला काढून द्या. काम आहे तिथे माणूस गेलं पाहिजे."

यात चुकीचं काहीच नव्हतं. मी तीन महिन्यांची बाळंतपणं घेतली आणि सिस्टरच्या संख्येनं भागली. तीन महिने कोणते घ्यायचे ते मी ठरवलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. कारण एकच: त्या तीन महिन्यांची सगळ्या केंद्रांची पत्रकं पूर्ण होती, एकही रकाना कोरा नव्हता. मला कोरे रकाने आवडत नाहीत, तुमच्या आईला विचारा.

उतरंडीच्या तळाला राणीसावरगावच्या पुढच्या भागातलं एक केंद्र आलं. त्याचं नाव लिहीत नाही. सहा खाटा, दोन सिस्टर, तीन महिन्यांत चार बाळंतपणं. साहेबांनी बदलीच्या कागदावर सही करण्याआधी मला प्रत्यक्ष बघून यायला सांगितलं.

फेब्रुवारीत सकाळी दहाच्या सुमाराला मी तिथे पोचले. सहाही खाटांवर धुतलेल्या चादरी, एकीवरही सुरकुती नाही. दोन्ही सिस्टर बाहेर उन्हात सतरंजीवर बसल्या होत्या. थोरली प्रयाग सिस्टर, पन्नाशीची, आडव्या अंगाची, त्याच भागातली. धाकटी मीना सिस्टर, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. त्यांच्यामध्ये गोळ्या, कागदाच्या पुड्या आणि धुतलेल्या फडक्यांचा ढीग होता. मीना सिस्टरच्या कानाला मोबाईल होता आणि ती कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होती. मला बघून तिनं फोन ठेवला.

"पेशंट नाहीत का?" मी विचारलं.

"पेशंट कुठून यायचे, मॅडम?" प्रयाग सिस्टर उठून पदर झटकत म्हणाल्या. "गाव गेलंय ऊस तोडायला. म्हाताऱ्या अन् शाळेतली लेकरं राह्यलीत. तुमी चैतात या. तवा गाव गावात असतंय."

हे तुमच्यासाठी समजावून सांगते. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे. फडाच्या कडेला खोपी घालून राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको जोडीनं जातात, कारण एकानं तोडायचं आणि दुसऱ्यानं मोळी बांधायची. बाई पोटुशी असली तरी जाते. हे मला माहीत नव्हतं का? त्यांचे ट्रक दर वर्षी माझ्या घरासमोरून जात. वरच्या भांड्यांचा आवाज मी ओट्यावरून ऐकत असे. पण घरी ऐकलेला आवाज मी ऑफिसात नेला नाही.

प्रत्येक केंद्राकडे काही तरी सबब असते, असं मला नोकरीनं शिकवलं होतं. मी वहीत लिहिलं, खाटा रिकाम्या, कर्मचारी रिकामे. प्रयाग सिस्टरनी गुळाचा चहा दिला. मी तो पिऊन निघाले.

फेब्रुवारीच्या अखेरीला मीना सिस्टरची बदली शहराजवळच्या केंद्रात झाली. तिथलं काम खरंच सुधारलं. आजारी पडलेली सिस्टर कामावर परत आली. साहेबांनी बैठकीत सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी साडीचा पदर सारखा करून खाली बघितलं, पण मनातून फुलले होते.

पाडव्यानंतर त्या केंद्राचं गाव परत यायला लागलं. एप्रिलमध्ये एक दिवस दुपारी ट्रक आला, त्यात कांता नावाची बाई होती. एकवीस-बावीस वर्षांची, पहिलटकरीण. तिला वाटेतच कळा सुरू झाल्या होत्या. सासूनं तिला सरळ केंद्रात नेलं. बाळंतपणाच्या खोलीला कुलूप होतं. प्रयाग सिस्टर चार मैलांवरच्या तांड्यावर लशी टोचायला गेल्या होत्या, कारण लशींचं काम आधी मीना सिस्टरचं होतं आणि आता तेही त्यांचंच होतं. तिथे फोनला रेंज नव्हती. रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर गेली होती. आणि केंद्राचे डॉक्टर परभणीत होते, आमच्या आढावा बैठकीत. मी त्यांच्या समोरच बसले होते.

सासूनं जीप केली आणि कांताला घेऊन गंगाखेडच्या रस्त्याला लागली. मूल रस्त्यातच झालं. ते वाचलं नाही.

मला हे कळलं ते पाच मेला, पत्रकातून. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ होती: मृत जन्म एक, रस्त्यात. माझ्या तक्त्यात फक्त केंद्राच्या खोलीत झालेली बाळंतपणं मोजली जात. रस्त्यातलं मूल कोणत्याच केंद्राच्या नावावर पडत नव्हतं. ती ओळ वाचून मी पान उलटलं आणि एप्रिलची उतरंड करायला घेतली.

दुपारपर्यंत भागाकार झाले. ते केंद्र पहिलं आलं. गाव परतलं होतं, बाळंतपणं भरपूर झाली होती आणि भागायला सिस्टर एकच होती. मी पुन्हा भागलं. पुन्हा पहिलं. साहेब तक्ता हातात घेऊन म्हणाले, "बघा मॅडम, एक माणूस काढल्यावर तळाचं केंद्र वर आलं. हेच मी म्हणत होतो."

तेव्हा मला ती ओळ आठवली. मी उलटलेलं पान परत काढलं. आकडा बरोबर होता आणि त्याचा अर्थ पूर्ण खोटा होता. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं किती वेळा झालं असेल, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारलं.

दुसऱ्या आठवड्यात मी रजा टाकून बसनं तिकडे गेले. प्रयाग सिस्टर बाळंतिणीच्या खोलीत होत्या. चार खाटा भरलेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओढलेले होते. मला बघून त्या रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं.

त्यांनी कपाटातून एक लांबट वही काढली. त्यात ऊसतोडीला गेलेल्या प्रत्येक पोटुशा बाईचं नाव होतं. कितवा महिना, कोणता कारखाना, मुकादमाचा फोन, दिवस कधी भरणार. निघताना प्रत्येकीला गोळ्यांच्या पुड्या आणि स्वच्छ फडकी बांधून दिली जात. जी मागाहून निघे तिच्याबरोबर मागाहून पाठवली जात. आणि आठवड्यातून एकदा मीना सिस्टर सगळ्यांना फोन करी. कोणाचे पाय सुजलेत का, चक्कर येते का. आठवा लागला की ती मुकादमाला भंडावून सोडी आणि बाईला गावी परत आणी.

"पोरीचं तोंड लय चालायचं," प्रयाग सिस्टर म्हणाल्या. "मुकादम तिला भ्यायचे. एक जण म्हणला, सिस्टर, तुमचा फोन आला की मला कळा येतेत."

त्या हसल्या आणि मग थांबल्या. त्यांनी वहीतलं कांताचं नाव दाखवलं. त्यापुढे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत फोनच्या खुणा होत्या. नंतर नव्हत्या.

"मी लावले मार्चात दोन-चार. पन मला हिकडंच उसंत न्हाई. तिला पाडव्याच्या आधी पंधरा दिवस आणायचं ठरलं होतं."

त्यांनी वही मिटली.

"मॅडम, तुमी थंडीत आल्या तवा आमी हेच करायलो होतो. तुमी खाटा मोजल्या. आमी काय करायलोत, ते तुमी इचारलं न्हाई."

 

मी साहेबांकडे गेले, वहीबद्दल सांगितलं आणि मीना सिस्टरला परत द्या म्हटलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, मला पटतं. पण वर काय दाखवू? तुमच्याच तक्त्यात हे केंद्र पहिलं आहे. मृत्यू एकही नाही. पहिल्या आलेल्या केंद्राला कोण जादा माणूस देतो?"

ईराला हे माहीत असेल, निहारला सांगते. पोटातच गेलेलं मूल म्हणजे मृत जन्म, ती एक नोंद. पण मूल जन्मल्यावर एकदा जरी रडलं, एक श्वास जरी घेतला, तरी तो जन्म असतो आणि नंतर मृत्यू. नोंदी दोन. आणि आमच्याकडे अशा प्रत्येक बालमृत्यूची चौकशी होई. त्या कागदावर छापील प्रश्न असे: हा मृत्यू टाळता आला असता का, कसा. तो कागद वर जाई आणि वरच्यांना त्याचं उत्तर द्यावं लागे. मृत जन्माचा असा कागद तेव्हा आमच्याकडे निघत नसे.

मी प्रयाग सिस्टरना फोन केला आणि विचारलं, ते मूल रडलं होतं का.

 त्या म्हणाल्या, "मी तांड्यावरनं आले तवा जीपमधून फोन आला, मेलेलं झालं म्हणले. मी तसं लिहिलं. मागून सासू सांगायली की रडलं होतं. मी बदललं न्हाई, मॅडम. चौकशी झाली की सिस्टर कुठं होती, हेच इचारतेत. माझीबी नोकरी हाय."

"मी तुम्हाला बदला म्हणत नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. ज्या कुलपाचा दोष माझा होता, तो कागदावर त्यांच्या नावे जाणार होता.

"बदललं तर मीना येईल का?"

"सांगता येत नाही. येऊ शकते."

"मग कांताच्या घरी जाऊ. तिच्या तोंडून लिहा."

आम्ही दोघी गेलो. पत्र्याचं घर, दारात लिंबाची सावली. कांता भिंतीला टेकून बसली होती. सासूनं बसायला पोतं टाकलं. प्रयाग सिस्टरला ती म्हणाली, "या सिस्टर. आज कुलूप लावून आलाव का?"

"लावून आले, मावशी," प्रयाग सिस्टर म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कांतानं मला विचारलं, "ह्या कोन?"

मी म्हटलं, "मी परभणीहून आले. दवाखान्यांचं मोजते मी."

"माझं मोजलं का तुमी?"

"नाही," मी म्हटलं. "राहून गेलं. तेच लिहायला आले."

तिनं माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मी एकेक प्रश्न वाचत गेले, ती उत्तरं देत गेली. मुलगी. गंगाखेडच्या अलीकडे. जीपमध्ये. मग मी विचारलं, जन्मल्यावर रडली का.

"रडली. एकदाच. सासूबाईच्या मांडीवर."

"मोठ्यानं?"

"डायव्हरनं मागं वळून बघितलं," कांता म्हणाली. "तुमी इचारा त्याला. मेलेली झाली असं लिहू नका. ती झाली अन् मग मेली."

मी तसंच लिहिलं. जन्म एक, मृत्यू एक. खाली कारण लिहायचं होतं. छापील कारणांत बसेल असं काही नव्हतं, म्हणून मी मोकळ्या जागेत लिहिलं: प्रसूतीच्या वेळी केंद्रात सिस्टर नव्हती, दुसऱ्या सिस्टरची बदली ज्या तक्त्यावरून झाली तो ऊसतोडीच्या महिन्यांचा होता, ते महिने मी निवडले. त्याखाली माझं नाव आणि हुद्दा. प्रयाग सिस्टरनी अंगठ्यानं चष्मा वर केला, सगळं वाचलं आणि त्यांच्या ठिकाणी सही केली.

कांतानं विचारलं, "याचं पुढं काय होईल?"

"दुसरी सिस्टर परत मागितली आहे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली.

प्रयाग सिस्टरना नोटीस आली. त्यांची एक वेतनवाढ थांबली. माझ्याकडून खुलासा मागवला गेला आणि त्या वर्षी होणारी बढती दोन वर्षं पुढे गेली. ही काही शिक्षा नव्हे, मी त्याचं दुःख करत नाही. प्रयाग सिस्टरच्या नोटिशीचं मात्र करते. मी तीन पत्रं लिहिली. ती नोटीस मागे घेतली गेली नाही.

मीना सिस्टर दसऱ्याच्या आधी परत आली. त्या वर्षी गाव निघालं तेव्हा पुड्या बांधायला दोघी होत्या.

पुढच्या फेब्रुवारीत मी पुन्हा नोव्हेंबर ते जानेवारीची उतरंड केली. पत्रक बदलायची माझी मागणी वर पडून होती, त्यामुळे फोनचा रकाना नव्हता, पुड्यांचाही नव्हता. भागाकार केला. ते केंद्र तळाला आलं. सहा खाटा, दोन सिस्टर, तीन बाळंतपणं.

साहेबांनी यादीवरून बोट खाली आणत आणत शेवटच्या नावावर ठेवलं. "याचं काय करायचं?"

"काही नाही, साहेब," मी म्हटलं. "ते तिथेच राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेन उघडलं आणि खाली सही केली.